कूलर, कॅसेट आणि चोवीस बिट

मे महिन्यात अकोल्याच्या जुन्या शहरात गाणं ऐकायचं तर आधी कूलरशी तह करावा लागतो. आमच्या बैठकीच्या खिडकीत लोखंडी कूलर आहे, वाळ्याच्या ताट्या लावलेला. तो बंद केला तर पंचेचाळीस डिग्रीत माणूस शिजतो. सुरू ठेवला तर तानपुरा ऐकू येत नाही, तबला जेमतेम येतो.

अशा घरात मी हाय-रेझ म्युझिक सिस्टिम घ्यायचं ठरवलं. खूळ पुण्याच्या मावसभावाचं. "तू अजून सोळा बिटच ऐकतोस?" असं त्याने विचारलं आणि सोळा म्हणजे काहीतरी गरिबीचं लक्षण असावं असं मला वाटायला लागलं. पन्नास हजार बाजूला काढले. डॅक कुठला, ॲम्प कुठला, स्पीकर कुठले, रात्र रात्र व्हिडिओ बघणं सुरू झालं. बाबांनी दोन-तीन दिवस बघितलं आणि म्हणाले, "कायले एवढे पैसे घालून रायला? गाणं तर तेच हाय."

बाबा चुकत होते, पण पूर्ण नाही. ते कळायला मला सव्वाशे वर्षं मागे जावं लागलं.

"अगदी खऱ्यासारखा आवाज" हे आश्वासन हाय-रेझच्या स्टिकरपेक्षा खूप जुनं आहे. १९१५ पासून अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने जाहीर प्रयोग लावले होते. स्टेजवर एक गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच अंधार करायचे आणि लोकांना विचारायचे, आता कोण गातंय, बाई की यंत्र? सांगता येत नाही, असं लोक म्हणायचे. म्हणजे ज्या यंत्राचा आवाज आज आपल्याला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, तो त्या काळी खऱ्या गळ्याइतका खरा वाटला होता. त्यातली एक गायिका ॲना केस. तिने म्हातारपणी, १९७२ साली, गुपित सांगून टाकलं. ती स्टेजवर आपला आवाज यंत्रासारखा करून गात होती!

आपल्याकडे हे यंत्र गळ्यापर्यंत पोचलं ते नोव्हेंबर १९०२ मध्ये. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. वेळ मिळायचा तीन मिनिटांच्या आसपास. ज्या ख्यालाला तास लागतो तो तीन मिनिटांत उरकायचा. शेवटी गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या कामगारांना हे कोणाचं गाणं हे कळायला हवं होतं. (आज आपण फाइलला नाव देतो तो प्रकार.) विजेवर चालणारं मुद्रण आलं ते १९२५ मध्ये. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांच्या गाण्याबद्दल लोकांनी पानंच्या पानं लिहिली, पण आवाज आज कुठेच उपलब्ध नाही. बिट सोळा की चोवीस हा प्रश्न तिथे निघतच नाही.

आता एकदम १९८२ वर येतो, कारण सगळं भांडण तिथून सुरू होतं. त्या वर्षी सोनी आणि फिलिप्सने सीडी बाजारात आणली. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं आणि प्रत्येक माप सोळा बिटमध्ये लिहायचं. हा ४४,१०० आकडा व्हिडिओ टेपमधून आलाय. सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डरच वापरत. एका रेघेत ३ मापं बसत, एका फील्डमध्ये २४५ रेघा, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून बघा.

पण आकडा जुगाडू असला तरी कानाला पुरणारा होता. माणसाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही तरुणपणी. एखादी लहर पकडायला तिच्या वारंवारितेच्या दुपटीहून जास्त मापं लागतात, हे गणितात सिद्ध झालेलं आहे. जाहिरातीत मात्र सीडीचा आवाज पायऱ्यापायऱ्यांचा काढतात आणि हाय-रेझचा गुळगुळीत. हे चित्र खोटं आहे. शाळेत आपण शिकलोय, तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जातं. त्याच वर्तुळावर तीस बिंदू घेतले म्हणून ते जास्त गोल होत नाही. इथेही तसंच. मर्यादेच्या आतली लहर त्या मापांतून जशीच्या तशी परत मिळते.

राहिले बिट. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल. सोळा बिटमध्ये सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर बसतं, चोवीसमध्ये १४४. मी फोनवरच्या ॲपने बैठकीतला आवाज मोजला. कूलर सुरू असताना ६० च्या वर. ढोबळ हिशेब केला तर सीडीचा सगळ्यात बारीक आवाज कूलरच्या वर यावा म्हणून मोठा आवाज १५६ डेसिबलवर न्यावा लागेल. कानाशेजारी बंदूक उडाली तर साधारण तेवढा होतो. चोवीस बिटचं तर बोलायलाच नको. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला पूर्णेचं पाणी घेऊन कावडी येतात, त्या मिरवणुकीतही एवढा आवाज होत नाही. आणि होतो बरं का, बराच होतो.

मावसभावाला हे पटेना. मग तो आला तेव्हा आम्ही परीक्षा घेतली. त्याचीच २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल. तिच्यापासून मी सीडीच्या मापाची दुसरी फाइल बनवली, दोन्हींचा व्हॉल्यूम तंतोतंत सारखा केला. रात्री दोनला, कूलर बंद करून, घामाघूम होत वीस वेळा ऐकलं. माझी अकरा उत्तरं बरोबर आली, त्याची नऊ. त्याने खोलीला नावं ठेवली.

आमची खोली काही प्रयोगशाळा नाही, पण प्रयोगशाळांतही फार वेगळं निघालेलं नाही. बॉस्टनजवळच्या मायर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये छापलेल्या प्रयोगात ५५४ वेळा विचारलं गेलं, बरोबर उत्तरं २७६. नाणं उडवल्यासारखंच. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के आलं. कान तयार केलेल्या लोकांना थोडं जास्त जमलं. म्हणजे फरक शून्य नाही, पण पन्नास हजार काढून द्यावेत इतका मोठाही नाही. आणि तुम्ही ब्लूटूथ नेकबँडवर ऐकत असाल तर विषयच मिटला. २४/१९२ च्या स्टिरिओला सेकंदाला ९,२१६ किलोबिट लागतात. ब्लूटूथवरचा चांगल्यातला एलडॅकसुद्धा फार तर ९९० नेतो. सबस्क्रिप्शनचे पैसे भरायचे आणि गाणं अर्ध्या वाटेत चिरडायचं, असा तो व्यवहार.

मग पैसे लावायचे कुठे? स्पीकरवर आणि खोलीवर. आमचं घर जुनं, भिंती दीड हात जाड, खाली शहाबादी फरशी. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की ती दोन भिंतींत टणटणत राहायची. आत्याच्या हातच्या दोन गोधड्या मागच्या भिंतीवर टांगल्या, फरशीवर सतरंजी टाकली, स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढले. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो आणि गायकाला सर्दी झाल्यासारखं वाटतं. या फुकटच्या उद्योगाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच फाइलने पडला नव्हता. शेवटी मध्यम आकाराचे स्पीकर नवे घेतले, ॲम्प्लिफायर वापरलेला घेतला, आणि डॅक म्हणून फोनला लावायचं बोटभर डोंगल. पंधरा हजार उरले.

त्या उरलेल्या पैशांवरून घरात खरा विषय निघाला.

आमच्याकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एक कॅसेट आहे. मे १९८७, आत्याचं लग्न. तेव्हा गिरण्या होत्याच, जातं कोपऱ्यात पडलेलं असायचं, पण लग्नाची हळद जात्यावरच दळायची. बाळापूरकडच्या माहेराहून आणलेल्या ओव्या आजी त्या दिवशी म्हणत होती आणि काकांनी टू-इन-वन समोर ठेवून बटण दाबलं. आजी गेली १९९४ मध्ये. तिचा दुसरा आवाज कुठेही नाही. आत्या म्हणाली, "स्पीकर झाले ना घेऊन? आता त्याच्यातून माही माय आइकव."

कॅसेट डिजिटल कशी करतात हे शोधताना मला माझ्या सगळ्या हिशेबाची दुसरी बाजू दिसली. साध्या कॅसेटमध्ये आवाजाचं अंतर ५०-६० डेसिबलचं, म्हणजे नऊ-दहा बिटचा ऐवज. तरीही जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची संघटना, आयासा, सांगते की जुना आवाज उतरवताना २४ बिटच वापरा, किमान ४८ किलोहर्ट्झवर, शक्यतो ९६ वर. आधी मला हा विनोद वाटला. पण कारण साधं आहे. उतरवताना पातळी कमी ठेवावी लागते, नाहीतर एखादा चढा आवाज कायमचा फाटतो. पुढे आवाज वाढवायचा, खरखर काढायची, प्रत्येक वेळी आकड्यांची मोडतोड होते, त्यासाठी खाली जागा हवी. आणि टेप झिजत चाललेली असते. ती नीट वाजण्याची पुढची वेळ येईलच असं नाही. मी ज्या चोवीस बिटांची टर उडवत होतो, त्यांचं खरं गिऱ्हाईक आमच्या डब्यात पडलं होतं.

जात्यावरच्या ओव्यांचं मोठं काम महाराष्ट्रात झालेलं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांच्याबरोबर आले आणि शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण झालं. 'पारी'च्या वेबसाइटवर आज त्या ऐकता येतात, फोनवरसुद्धा. मी एका रात्रीत तीस-चाळीस ऐकल्या. चाल ओळखीची निघाली की दचकायला होत होतं.

मोर्णेच्या पलीकडे, टिळक रोडच्या बाजूला, एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककडे जुना डेक मिळाला. उरलेल्या पैशांतून तो आणि एक साधा ऑडिओ इंटरफेस घेतला. ऑनलाइन मिळणारे स्वस्त यूएसबी कॅसेट प्लेअर घेऊ नकोस, त्यांचा वेग डगमगतो, असं मेकॅनिकनेच बजावलं. आमच्या कॅसेटची आतली दाबपट्टी गळून पडली होती. स्क्रूवाली रिकामी कॅसेट घेऊन त्याने चिमट्याने टेप तिच्यात बसवली. मग हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवून दाखवला. ज्या मशिनवर टेप भरली, त्या मशिनच्या हेडचा तिरपेपणा या हेडला द्यावा लागतो. स्क्रू पाव फेरा फिरला आणि घोंगडीखालून आल्यासारखा आवाज एकदम उघडला. आधी काकणं ऐकू आली. मग जातं. मग आजी.

त्या टू-इन-वनला आवाज आपोआप सांभाळायची सोय होती. आजी गायला लागली की ते यंत्र स्वतःला आवरायचं आणि ती श्वासाला थांबली की कान टवकारायचं. त्यामुळे दोन ओव्यांच्या मध्ये जात्याची घरघर वर चढते, मागे कोणीतरी पाणी मागतं, पोरं भांडतात. आत्याने एकेक आवाज ओळखायला सुरुवात केली. त्यातल्या चार जणी आता नाहीत.

अकराव्या मिनिटाला आजी अर्ध्या शब्दावर तुटते आणि क्रिकेटची कॉमेंट्री सुरू होते. ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर, वर्ल्ड कप, भारत विरुद्ध न्यूझीलंड. चेतन शर्माची हॅटट्रिक, गावसकरचं एकदिवसीय सामन्यातलं एकुलतं शतक. कॅसेटच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन तुकडे मोडले की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही. आमच्या कॅसेटचे कोणी मोडले नव्हते. कॉमेंट्री बाबांनी भरली होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

बाबा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "खालचं निघत नाही का? एवढे बिट हायेत म्हणते."

स्वस्त मशिनं टेप पुसताना कधीकधी पूर्ण पुसत नाहीत, हे मेकॅनिकने सांगितलं होतं. म्हणून मी ९६ किलोहर्ट्झवर, चोवीस बिटमध्ये ती बाजू पुन्हा उतरवली. अर्ध्या तासाची फाइल ५१८ एमबीची झाली. कॉमेंटेटर थांबतो ती एक जागा निवडली, आवाज शक्य तेवढा वाढवला, खालची गुणगुण छाटली. उरली खरखर, त्यात प्रेक्षकांचा गलका.

रात्री कूलर बंद करून बाबांना हेडफोन दिला. सत्तरी ओलांडलेली, वरचे स्वर त्यांना येतच नसणार. ते डोळे मिटून तो अकरा सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत बसले. मग म्हणाले, "हाय. आइक, माय हाय खाली."

मी ऐकला, मला खरखरच आली. वीस वेळा लपवून वाजवायची परीक्षा मला येत होती. फाइलला नाव दिलं, दोन ड्राइव्हवर ठेवली आणि कूलर सुरू केला.