मिलेत येथील निरोप

मिलेत येथील निरोप हा बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात (ओव्या १७ ते ३८) वर्णिलेला प्रसंग आहे. प्रेषित पौलाने आपल्या तिसऱ्या मिशनरी प्रवासाच्या अखेरीस, इ.स. ५७ च्या सुमारास, इफिस येथील ख्रिस्ती मंडळीच्या वडिलांना मिलेत या बंदरात बोलावून त्यांचा निरोप घेतला, असा हा वृत्तान्त आहे. या पुस्तकातील पौलाच्या भाषणांपैकी ख्रिस्ती श्रोत्यांना उद्देशून केलेले हे एकमेव मोठे भाषण होय.

पार्श्वभूमी

पौलाने इफिसमध्ये सुमारे तीन वर्षे कार्य केले होते. अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे घडविणाऱ्या कारागिरांच्या दंगलीनंतर त्याने ते शहर सोडले. मासेदोनिया व ग्रीस येथून परतताना त्याला पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत यरुशलेम गाठायचे होते. त्यामुळे तो इफिसला न उतरता मिलेतला थांबला आणि तेथून त्याने वडिलांना बोलावणे पाठवले. ही दोन शहरे सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर आहेत. इफिस टाळण्यामागे घाईबरोबरच दंगलीनंतरचा धोकाही असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

भाषण

भाषणाचे स्वरूप मुख्यतः हिशेब देण्याचे आहे. आपण कोणाच्या सोन्यारुप्याचा किंवा वस्त्रांचा लोभ धरला नाही, स्वतःच्या हातांनी कष्ट करून स्वतःच्या व सोबत्यांच्या गरजा भागविल्या, याची पौल श्रोत्यांना आठवण देतो. यरुशलेमात बंधने व संकटे वाट पाहत असल्याचे सांगून तो मंडळीची जबाबदारी वडिलांवर सोपवतो. आपल्यानंतर बाहेरून आणि खुद्द त्यांच्यातूनही मंडळीला फोडणारे लोक उठतील, असा इशारा तो देतो. शेवटी तो घेण्याहून देणे श्रेष्ठ मानणाऱ्या येशूच्या एका वचनाचा दाखला देतो. हे वचन चारही शुभवर्तमानांत आढळत नाही.

याकोब, मोशे व यहोशवा यांच्या जुन्या करारातील अंतिम उपदेशांशी या भाषणाची तुलना केली जाते. आपण कोणाचे काही घेतले नाही हे लोकांसमोर मांडण्याची रीत शमुवेलाच्या भाषणातही (१ शमुवेल १२) दिसते.

ताटातूट

भाषणानंतर सर्वांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. वडिलांनी पौलाच्या गळ्यात पडून आक्रोश केला व त्याचे मुके घेतले. पुन्हा आपले दर्शन होणार नाही, या त्याच्या शब्दांचे त्यांना सर्वाधिक दुःख झाले. नंतर ते त्याला जहाजापर्यंत पोहोचवावयास गेले. पुढील अध्यायाच्या आरंभी या निघण्यासाठी वापरलेल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘ओढून अलग करणे’ असाही होतो.

पुढे सोर येथे सात दिवसांच्या मुक्कामानंतर शिष्य बायकामुलांसह नगराबाहेर आले आणि समुद्रकिनाऱ्यावर अशीच प्रार्थना झाली. कैसरियात सोबत्यांनी पौलाला यरुशलेमला न जाण्याची रडून विनवणी केली. मात्र तो बधला नाही. यरुशलेमात त्याला अटक झाली. त्रफिम या इफिसकराला पौलाने मंदिरात नेले असावे, या समजुतीतून तेथे गोंधळ उसळला होता.

अन्वयार्थ

हा निरोप अखेरचा ठरला की नाही, याविषयी मतभेद आहेत. त्रफिम आजारी असल्याने त्याला मिलेतात ठेवल्याचा उल्लेख २ तीमथ्य ४:२० मध्ये येतो. त्यावरून पौल सुटकेनंतर पुन्हा या भागात आला असावा, असे काही अभ्यासक मानतात. हे पत्र पौलाचे नाही, असे मानणाऱ्यांना हा पुरावा मान्य नाही.

स्थळ

मिलेतचे अवशेष तुर्कस्तानच्या आयदन प्रांतात आहेत. मेंडेरेस (प्राचीन मेअँडर) नदीच्या गाळाने बंदर भरून गेले असून, ज्या ठिकाणी जहाजे लागत तेथून समुद्र आता कित्येक किलोमीटर दूर गेला आहे.