बावन्नावा दिवस

1901 सालचं पॅरिस. रू लोमों नावाच्या रस्त्यावर, फिजिक्स-केमिस्ट्रीच्या महापालिका शाळेच्या आवारात एक शेड आहे. तुम्ही दार लोटून आत शिरता. पूर्वी इथे मेडिकलची पोरं प्रेतं चिरायची. पुढे त्यांनाही ती जागा नकोशी झाली. काचेचं छप्पर पावसात गळतं. शेगडी बिडाची आहे, पण तिला खेटून उभं राहिलात तरच ऊब लागते. टेबलांवर वाडग्यांत स्फटिक धरत आहेत. बोहेमियातल्या खाणीतून पिचब्लेंड या खनिजाचा गाळ पोत्यांनी आला, तो उकळायचा, गाळायचा, आटवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या वर्षी या सगळ्या राबण्यातून शुद्ध रेडियम क्लोराइड हाती लागेल, ते जेमतेम गुंजभर: 0.1 ग्रॅम.

इथे तुम्हाला बघता येतं, बोलता येत नाही. ही या प्रवासाची अट आहे आणि ती तुम्हाला लवकरच जाचणार आहे.

मारी क्युरी वाडगं उचलते तेव्हा तिच्या बोटांकडे बघा. टोकं कडक झाली आहेत, साल निघते आहे. अंधार पडला की दोघं नवरा-बायको मुद्दाम परत येतात, दिवा न लावता उभे राहतात. फळ्यांवरच्या नळ्या निळसर उजळलेल्या असतात. तुम्हालाही ते आवडतं. न आवडायला काय झालं? आणि तरी पाय आपोआप दाराकडे सरकतात, कारण तुम्ही सव्वाशे वर्षं पुढून आला आहात.

आता मारीच्या नवऱ्याची, पियेरची, बाही वर सरकलेली आहे. रेडियम असलेला थोडा माल, तोही फार तीव्र नव्हे, त्याने मुद्दाम दहा तास हातावर बांधून ठेवला होता. सहा चौरस सेंटिमीटर कातडी लाल झाली. भाजल्यासारखी दिसते, पण दुखते ती नाही म्हणण्याइतपतच. काही दिवसांनी लाली गडद होते. विसाव्या दिवशी खपली धरते, मग जखम उघडते, पट्ट्या बांधाव्या लागतात. बेचाळिसाव्या दिवशी कडेकडेने नवी कातडी मध्याकडे सरकू लागते. बावन्नाव्या दिवशीही मधोमध एक चौरस सेंटिमीटरचा करडा डाग उरलेला आहे, म्हणजे आत खोलवर काहीतरी मेलं आहे. पियेर हे सगळं दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं शांतपणे नोंदवून ठेवतो. माझ्या मते हे धाडस कमी आणि कुतूहलाचा हट्ट जास्त.

चटका तव्याचा असता तर हाताने तिथल्या तिथे ओरडून सांगितलं असतं. जखम इतकी उशिरा का उघडली, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही. कातडीच्या तळाशी पेशींचा एक थर सतत विभागत असतो; नव्या पेशी खालून वर येतात, वरच्या झडतात. रेडियमच्या किरणांनी या तळच्या पेशींचा डीएनए तोडला. वरच्या पेशींना काही झालं नाही, त्यांना आता विभागायचंच नव्हतं. दोन-तीन आठवड्यांत त्या नेहमीसारख्या झडल्या आणि त्यांची जागा घ्यायला खालून कोणी आलंच नाही.

याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ आंरी बेकरेलच्या अंगावरही तसाच चट्टा उठतो. रेडियमची नळी त्याने जाकिटाच्या खिशात घालून नेली होती. चट्ट्याचा आकार बरोबर नळीचा. जून महिन्यात तो आणि पियेर मिळून या जखमांवर निबंध प्रसिद्ध करतात. तिकडे सेंट-लुई रुग्णालयात डॉक्टर दांलो यांनी क्युरींकडून थोडं रेडियम मागून घेतलं आहे. जे चांगली कातडी मारतं ते सडलेलीही मारेल, इतका सरळ हिशेब. त्वचारोगाच्या रुग्णांवर ते रेडियम लावून बघतात. कॅन्सरवरच्या किरणोपचाराची वाट या दवाखान्यातून जाते.

बोर्दो, 1906. इथे फार थांबायचं नाही. बेर्गोनिए आणि त्रिबोंदो हे दोघे डॉक्टर उंदरांच्या वृषणांवर किरण सोडून बघतात: शुक्रजंतू घडवणाऱ्या, सतत विभागणाऱ्या पेशी मरतात, शेजारच्या निवांत पेशी तगतात. ज्या पेशी भराभर वाढतात त्या आधी बळी पडतात, हा नियम त्यांनी मांडला. किरणांच्याच कामात बेर्गोनिएचा हात गेला आणि 1925 साली तोही गेला.

आता एकदम लासलगाव, एप्रिल 2007. घाम फुटतो, हवेत कांद्याचा उग्र वास, ट्रॅक्टरच्या रांगा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘कृषक’ प्रकल्पात जाड काँक्रीटच्या भिंतींआड किरण सोडणारं कोबाल्ट-60 आहे. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून साधारण 60 ते 90 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) इतका मारा लागतो. माणसाच्या सगळ्या अंगावर एकदम चार-पाच ग्रे पडले, तर उपचारांवाचून निम्मी माणसं दोनेक महिन्यांत दगावतात. आकडे ऐकून तुम्ही कांद्यापासून हात मागे घेता. घेऊ नका. कोबाल्ट कांद्याला शिवत नाही, फक्त किरण आरपार जातात आणि ते कांद्याला किरणोत्सर्गी करत नाहीत. मरतात त्या गाभ्यातल्या कोंबाच्या, विभागायला बसलेल्या पेशी. बाकीचा कांदा निवांत पेशींचा. त्याला फारसं काही होत नाही.

एक कांदा उभा चिरून बघा. काही दिवस साठवलेला असेल तर गाभ्यातला कोंब काळपट पडलेला दिसेल. गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण खायला तो चालतो. मात्र कोंब अजून निद्रिस्त आहे तोवरच, काढणीनंतर लवकर, मारा द्यावा लागतो. आणि कुजणं यातून थांबत नाही, वजनातली घटही नाही. त्यासाठी वारा खेळती कांदाचाळच हवी. किरणांचं कौतुक करणारे लोक ही अडचण सांगायला बहुधा विसरतात.

याच महिन्यात इथे हापूस आणि केशरच्या पेट्याही येतात, अमेरिकेला जाण्यासाठी. आंब्याला किमान 400 ग्रे. इथे लक्ष्य कोंब नसून कोयीतला भुंगा आहे. त्याला जागच्या जागी मारलंच पाहिजे असंही नाही. त्याची पुढची पिढी होऊ नये, एवढंच अमेरिकेला हवं असतं. त्यामुळे पेटीतल्या एखाद्या आंब्यात भुंगा जिवंत सापडला, तरी माल नियमात बसतो.