मांजरीची वेगळी वाटी

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओट्यावर एक काबरी मांजर येऊन बसली. बुलढाण्यात झड लागली की भटकी मांजरं बंद दुकानांच्या पायऱ्यांवर नाहीतर उभ्या गाड्यांखाली आसरा शोधतात. ही मात्र थेट अम्मीच्या जानमाजच्या कडेला आली. बरगड्या मोजता येतील इतकी वाळलेली, हिरड्या पांढऱ्याफटक. वाटीला तोंड लावायची, दोन घोट घ्यायची आणि थकून मान खाली टाकायची. “रहने दे, दो-चार दिन में सुधर जाएगी,” अम्मी म्हणाली.

त्या दोन-चार दिवसांचे पुढं चार महिने झाले.

घरात आधीच सुलतान होता, आमचा आठ वर्षांचा बोका. त्यामुळं काबरीला बरं करायचं आणि एखादं चांगलं घर बघून द्यायचं, एवढाच बेत होता. ताप उतरेना म्हणून तिला टोपलीत घालून अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी रक्ताचे काही थेंब एका छोट्या पट्टीवर टाकले. दहा मिनिटांत पट्टीवर दोन रेषा उमटल्या. “फेलाइन ल्युकेमिया,” ते म्हणाले, “काही मांजरांचं शरीर या विषाणूला दाबून टाकतं, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. तोपर्यंत हिची वाटी, हिची जागा, सगळं वेगळं ठेवा. दुसऱ्या मांजराशी संबंध नको. माणसाला यापासून धोका नाही.”

सुलतानची तपासणी सुदैवानं कोरी निघाली. काबरीसाठी मागची खोली रिकामी केली. स्टीलच्या एका वाटीला बाहेरून लाल ऑइल पेंटचा पट्टा ओढला, म्हणजे चुकून अदलाबदल व्हायला नको. दुसऱ्या दिवशी त्या वाटीकडं बघताना मनात कुठंतरी टोचलं. आपल्या मुलखात वेगळी वाटी ही साधी गोष्ट नाही. तिला मोठा इतिहास आहे.

पण आधी या आजाराचा इतिहास पाहू. तो फार जुना नाही. 1960च्या दशकात स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात हॅरी फाफ नावाच्या एका पशुवैद्याच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. त्याच्याकडं येणाऱ्या एकाच घरातल्या अनेक मांजरांना एकापाठोपाठ एक कर्करोग होत होता. त्यानं ही हकिगत ग्लासगो विद्यापीठातले पशुविकृतीशास्त्रज्ञ विल्यम जॅरेट यांना सांगितली. कर्करोग असा घरभर पसरतो, यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. कोंबड्यांमधला एक कर्करोग विषाणूमुळं होतो, हे पेटन राउस यांनी 1911 सालीच दाखवलं होतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांचीही उदाहरणं होती. पण घरात, माणसांच्या पायात घुटमळणाऱ्या प्राण्यात? जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण पाहिले आणि 1964 साली ‘नेचर’ या नियतकालिकात ते जाहीर केलं.

पुढं अमेरिकेत विल्यम हार्डी यांनी रक्ताची चाचणी विकसित केली. हा रोग एका मांजराकडून दुसऱ्याकडं जातो, हे 1973 साली त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलं. 1985 साली अमेरिकेत लसही आली. मात्र आपल्याकडं मांजरांना सर्रास दिली जाते ती तीन रोगांची एकत्र लस, तिच्यात ल्युकेमिया नसतो. मांजरांच्या या अभ्यासाचा माणसांनाही उपयोग झाला. एड्सचा उगम शोधताना हार्वर्डचे मॅक्स एसेक्स यांच्यासारखे संशोधक या जातीच्या विषाणूकडं लवकर वळले, त्यामागं मांजरांच्या ल्युकेमियावरचं त्यांचं काम होतं.

हा रोग पसरतो कसा, हे वाचलं तेव्हा मी थबकलो. मुख्यतः लाळेतून. एकमेकांना चाटण्यातून, एका वाटीत खाण्यापिण्यातून, आईच्या दुधातून, कधी चावण्यातून. म्हणजे भांडणाऱ्या मांजरांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून जास्त, एकमेकांना बिलगून झोपणाऱ्या मांजरांना याचा धोका असतो. विषाणू स्वतः तसा दुबळा आहे. शरीराबाहेर फार टिकत नाही, साबणाच्या पाण्यानं मरतो. तो जगतो जवळिकीवर.

इथं मला एक रवायत आठवली. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये आणि अबू दाऊद यांच्या संग्रहात ती आहे. अबू कतादा हे सहाबी सुनेच्या घरी गेले होते. तिचं नाव कबशा. तिनं वुजूसाठी पाणी ठेवलं, तेवढ्यात एक मांजर आली. अबू कतादांनी भांडं तिरकं केलं आणि तिला पोटभर पिऊ दिलं. सून चकित होऊन बघत राहिली. तेव्हा त्यांनी सांगितलं की, मांजर नापाक नाही असं प्रेषितांनी (स.) म्हटलं आहे, ती तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकीच आहे. मांजरीला उष्टं पाणी देण्याची ही गोष्ट नाही. ती आधी प्यायली आणि उरलेलं पाणी इबादतीच्या कामाला चाललं. जवळिकीची याहून मोठी कबुली कुठली?

मग लाल पट्ट्याच्या वाटीचं काय करायचं? त्याचं उत्तरही त्याच परंपरेत सापडतं. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे : आजारी उंटांच्या मालकानं आपले उंट निरोगी उंटांच्या कळपात आणू नयेत. ती सांगणारे सहाबी आहेत अबू हुरैरा. या टोपणनावाचा अर्थच ‘मांजराच्या पिल्लाचा बाप’ असा होतो. संसर्ग असा काही नसतो, अशा अर्थाचीही एक हदीस आहे आणि त्यावरून उलेमांमध्ये शतकानुशतकं वाद झाले. चौदाव्या शतकात ग्रॅनडाच्या इब्न अल-खतीब यांनी प्लेगच्या अनुभवावरून निक्षून मांडलं की, संसर्ग ही डोळ्यांना दिसणारी वस्तुस्थिती आहे. बहुतेक विद्वानांनी सुवर्णमध्य काढला : रोग अल्लाहच्या मर्जीबाहेर नाही, पण काळजी घेणं हे माणसाचं काम. कबशाच्या घरातलं भांडं आणि अबू हुरैरांचे उंट यांच्यात मला विरोध दिसत नाही. एक सांगतं की हा जीव आपला आहे. दुसरं सांगतं की, आपलाच आहे म्हणून दुसऱ्या आपल्यांना त्याच्यापासून सांभाळा.

लोकांचे सल्ले मात्र वेगळेच होते. “मटण मार्केटमध्ये सोडून द्या, पोट भरेल तिचं.” “इंजेक्शन देऊन मोकळे व्हा.” “मांजरीसाठी अकोल्याच्या चकरा?” मला त्यांचा राग आला नाही. माणसांच्या तपासण्यांसाठीही जिथं शंभरेक किलोमीटर जावं लागतं, तिथं हा प्रश्न रास्तच आहे. पण मांजराचं मोल वऱ्हाडानं एकेकाळी मोजलेलं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो वऱ्हाडातही पसरला. त्या काळात अमरावतीत असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन यांनी खेड्यांतल्या मांजरांची चक्क मोजदाद केली. जिथं घरोघर मांजरं आहेत तिथं उंदीर कमी आणि प्लेगही कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता. 1908 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी तो मांडला. मांजरांनाही प्लेग होतो, त्यामुळं हा उपाय वाटला तितका सरळ नव्हता. तरी दारात आलेल्या मांजरीला वाटीभर दूध घालणाऱ्या वऱ्हाडी बायकांची दखल लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत गेली ती अशी.

आता त्या वेगळ्या वाटीकडं येतो. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत. मुसलमान-ख्रिस्त्यांनाही तिथं मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथं पाणी प्यायले, तर नंतर सवर्णांनी ते तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. ब्रिटिश काळात रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ अशा हाका दिल्या जात. चहाच्या टपरीवरचा वळचणीला ठेवलेला वेगळा कप तर आमच्या वडिलांच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिला आहे. आणि आपण फक्त सोसणारेच होतो, असंही नाही. बिरादरी बघून दस्तरखानावर जागा ठरवणं आपल्याही घरांत झालेलं आहे.

म्हणून वाटी रंगवताना हात अडखळला. मग मी स्वतःलाच विचारलं की, दोन्हींत फरक काय? तळ्यावरचा मज्जाव जन्मावरून होता. त्याला कुठली तपासणी नव्हती, मुदत नव्हती, अपील नव्हतं. काबरीचं वेगळेपण रक्ताच्या तपासणीवरून आलं होतं आणि दुसऱ्या तपासणीत ते उठण्याची शक्यता होती. मुख्य म्हणजे वेगळी झाली होती ती फक्त वाटी. मांडी, ऊब, औषध, हाक यातलं काहीच तिच्याकडून काढून घेतलं नव्हतं. अम्मी दोन वेळा त्या खोलीत बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत तस्बीह पढायची आणि हात साबणानं धुऊन मगच सुलतानला जवळ घ्यायची. वेगळं ठेवणं आणि टाकून देणं यांत एवढंच अंतर आहे, पण इतिहासात ते अंतर पाळणारे थोडेच निघाले.

दीड महिन्यानं दुसरी तपासणी झाली. रेषा दोनच होत्या.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. तिनं मांजरीला खाऊ घातलं नाही आणि स्वतःचं भक्ष्य शोधायला मोकळंही सोडलं नाही, म्हणून ती शिक्षेस पात्र ठरली. म्हणजे त्या बाईसमोर दोन वाटा होत्या. आमच्यासमोर एकच उरली. काबरीला सोडलं तर ती गल्लीतल्या पिल्लांना रोग देणार. सोडायची वाट बंद झाली की खाऊ घालण्याची जबाबदारी दुप्पट होते. कोंडलेला जीव ही अमानत असते. काहिरामध्ये तेराव्या शतकात सुलतान बैबर्सनं भटक्या मांजरांसाठी एक बाग वक्फ केल्याचं एडवर्ड लेन यानं 1836 सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे. कालांतरानं बाग विकली गेली, उत्पन्न आटलं, पण मांजरांना खाऊ घालण्याचा खर्च काझीच्या अंगावर आला आणि लेनच्या काळातही रोज दुपारी काझीच्या कचेरीच्या अंगणात मांजरं जेवत होती. बाग गेली तरी जबाबदारी संपली नाही. वक्फचा अर्थ मला या गोष्टीतून जेवढा कळला, तेवढा कायद्याच्या पुस्तकांतून कळला नव्हता.

तिची तब्येत थोडी सुधारल्यावर डॉक्टरांनी नसबंदीची शस्त्रक्रिया केली. मग घर शोधायला निघालो. अटी चारच : दुसरं मांजर नको, बाहेर सोडायचं नाही, दर काही महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं आणि आजार कुणापासून लपवायचा नाही. आजार ऐकला की फोन बंद व्हायचे. एकानं तर विचारलं, “न सांगता दिली असती तर कुणाला कळलं असतं?” शेवटी खामगावच्या एक निवृत्त शिक्षिका तयार झाल्या. एकट्याच राहतात.

बोथ्याच्या रस्त्यानं निघालो. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. टोपलीत काबरी गप्प बसली होती. अमेरिकेतल्या फ्लोरिडात 2002 ते 2004 या काळात पाळीव मांजरांकडून हाच विषाणू दुर्मिळ पँथरांपर्यंत पोचला आणि त्यातले काही दगावले, हे मला त्या जंगलात आठवलं. “सोडून द्या” हे म्हणायला किती सोपं असतं!

बाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. काय खाते, किती वेळा, औषध कशातून घेते. किती जगेल, हेही विचारलं. बहुतेक मांजरं दोन-तीन वर्षांत जातात, काही जास्त काढतात, असं डॉक्टरांनी सांगितलेलं मी सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तिची वाटी आणलीत का?”

मी लाल पट्ट्याची वाटी पिशवीतून काढून दिली. मला वाटलं, त्या ती मागच्या दारी ठेवतील. त्यांनी ती घासली, पुसली आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवर, स्वतःच्या ताटाशेजारी उभी करून ठेवली.