सॅम्युअलसनचे दोन खिसे

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युअलसन याने १९७४ साली आपल्या देशातील बहुतेक गुंतवणूक-व्यवस्थापकांना एक सल्ला दिला: दुकान बंद करा, नळजोडणीचा धंदा धरा, नाही तर कोठे ग्रीक भाषा शिकवा. लोकांचा पैसा शेअरांत गुंतवून देणारी ही जाणती मंडळी एकंदर बाजारापेक्षा अधिक काही मिळवून देतात याला पुरावाच नाही, असे त्याचे म्हणणे होते.

हे म्हणणे गणितातून आले होते. भावांच्या चढउतारांवर लुई बाशेलिए याने १९०० साली पॅरिसमध्ये लिहिलेला प्रबंध अर्थशास्त्रज्ञ विसरून गेले होते. सॅव्हेज या संख्याशास्त्रज्ञाच्या पोस्टकार्डावरून सॅम्युअलसनला त्याचा माग लागला. पुढे १९६५ साली त्याने स्वतःच सिद्ध केले की, जे सर्वांना कळले ते भावात अगोदरच उतरलेले असते. उद्याचा भाव हलणार तो अनपेक्षित बातमीने. आणि अनपेक्षिताचे भाकीत कोण करणार? मग निवडीसाठी दलाली तरी का भरावी? पाचशे मोठ्या कंपन्यांचे शेअर बाजारमूल्याच्या प्रमाणात घ्यावे आणि स्वस्थ बसावे.

जॉन बोगल याने १९७६ साली असा निधी खरोखरच काढला. सॅम्युअलसनने ‘न्यूजवीक’मधील आपल्या सदरात त्याचे स्वागत केले. अपेक्षा होती १५ कोटी डॉलरांची. जमले १ कोटी १३ लाख! वॉल स्ट्रीटवर हसे झाले.

मला मात्र कुतूहल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. याच सॅम्युअलसनने १९७० च्या सुमारास स्वतःचा पैसा वॉरन बफेच्या बर्कशायर हॅथवेत आणि प्रिन्स्टनच्या कमॉडिटीज कॉर्पोरेशन या सट्ट्याच्या पेढीत घातला होता. त्याला ढोंगी म्हणण्याचा मोह होतो. पण १९७४ चा तो लेख नीट वाचावा. थोड्या माणसांच्या अंगी हे कसब असू शकेल, हे त्याने नाकारलेले नाही. तसली माणसे आपले कसब कोणाला स्वस्तात भाड्याने देत नाहीत, एवढेच तो सुचवितो. त्याला स्वतःला ती दारे ठाऊक होती, बोस्टनच्या एखाद्या शाळामास्तराला ती कोठून ठाऊक असणार? हा भेद मला प्रामाणिक वाटतो; सोयीचाही वाटतो, हे खरे.

२००५ साली, वयाच्या नव्वदीत, बोस्टनमधील एका भाषणात त्याने बोगलच्या निधीला चाक, वर्णमाला आणि गुटेनबर्गचे मुद्रण यांच्या पंक्तीला बसविले. समोर श्रोते होते ते शेअरांची पारख करून पोट भरणारे विश्लेषकच.