फुलपाखरासाठी वेल

पावसाळा आला की शाळाशाळांतून वृक्षारोपण होते. पण रोप कोणते आणि ते कोणासाठी, हे आपण सहसा विचारत नाही. ऑस्ट्रेलियातल्या काही शाळांनी हा प्रश्न विचारला. त्याचीच ही हकिकत.

ब्रिस्बेनच्या आसपासच्या वर्षावनांत रिचमंड बर्डविंग हे मोठे फुलपाखरू राहते. मादीच्या पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे १५ सेंटिमीटर भरते. प्रौढ फुलपाखरू निरनिराळ्या फुलांतला मध पिते आणि जाता जाता परागकण वाहून नेते. अळीला मात्र एवढी निवड नाही. सखल भागात तिचे सारे आयुष्य पॅराअॅरिस्टोलोकिया प्रीव्हेनोसा या एकाच रानवेलीच्या पानांवर अवलंबून असते. शेती आणि वस्तीसाठी जंगल तुटले, तशी वेल दुर्मिळ झाली आणि विसाव्या शतकात फुलपाखरूही बऱ्याच ठिकाणांहून नाहीसे झाले.

त्यात भर पडली एका बागेतल्या वेलीची. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली 'डचमन्स पाइप' ही रानवेलीच्याच कुळातली. मादी फसते आणि तिच्यावर अंडी घालते. अळ्या बाहेर येतात, पान कुरतडतात आणि विषाने मरतात.

कीटकशास्त्रज्ञ डॉन सँड्स यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सी.एस.आय.आर.ओ. या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या 'डबल हेलिक्स' या मुलांच्या विज्ञान मंडळाने काम हाती घेतले. शाळांनी आवारात रानवेल लावली, परदेशी वेल उपटली आणि फुलपाखरू कोठे दिसले याच्या नोंदी ठेवल्या. घरोघरचे बागकाम करणारेही त्यात सामील झाले.

येथे काम संपले असते, तर गोष्ट सोपी होती. पण वेल सावकाश वाढते. अळ्या पोसण्याजोगी व्हायला तिला काही वर्षे लागतात. लहान अळीला कोवळे पानच हवे. दुष्काळात पाने निबर झाली की ती उपाशी मरते. शिवाय एकाकी पडलेल्या लहान वसाहतीत जवळच्या नात्यातच प्रजनन होत राहते आणि संतती दुबळी निपजते. म्हणजे एका शाळेतली एक वेल पुरेशी नाही. एका वसाहतीतली मादी दुसरीपर्यंत पोहोचावी, अशी वेलींची साखळीच हवी. हे कोणा एकाचे काम नव्हे. शेजारच्या शाळेने, पलीकडच्या शेतकऱ्यानेही वेल लावली, तरच साखळी जुळते.

आपल्या सह्याद्रीतही सदर्न बर्डविंग हे फुलपाखरू आहे. त्याच्या अळ्याही याच कुळातल्या सापसंदासारख्या वनस्पतींवर वाढतात. तेव्हा यंदा रोपे आणण्यापूर्वी मुलांना एक काम द्यावे : आपल्या परिसरात कोणती फुलपाखरे दिसतात आणि त्यांच्या अळ्या काय खातात, याची यादी करा. कोणते रोप लावायचे, ते ही यादीच सांगेल.