बिओबिओ नदीची सीमा

फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले, हे आपणांस ठाऊक आहेच. त्याच्या दहा वर्षे आधी, १६०६ साली, जेझुइट संघाच्याच फादर लुईस दे वाल्दिव्हिया यांनी चिली देशातील मापुचे लोकांच्या भाषेचे व्याकरण लिमा येथे प्रसिद्ध केले. दोघांची परिस्थिती मात्र भिन्न होती. साष्टीत पोर्तुगीज सत्ता स्थिरावली होती. उलट मापुच्यांनी १५९८ साली स्पॅनिश गव्हर्नरास ठार करून बिओबिओ नदीच्या दक्षिणेकडील शहरे काही वर्षांतच उठवून लावली होती.

वाल्दिव्हिया यांनी राजास सुचविले, की नदी हीच सीमा मानावी, गुलाम पकडण्यासाठी होणाऱ्या स्वाऱ्या थांबवाव्यात आणि पलीकडे केवळ मिशनऱ्यांनी जावे. १६१२ साली हे धोरण अमलात आले. त्याच वर्षी एलिकुरा येथे तीन जेझुइट मारले गेले, विरोधकांचे फावले आणि पुढे ते धोरण सोडून देण्यात आले. तथापि त्यामागील विचार नष्ट झाला नाही. १६४१ साली किलिन येथील तहात नदीची सीमा मान्य झाली. मधूनमधून युद्धे होऊनही ती स्थूलमानाने टिकली; १८२५ साली तापिवे येथे स्वतंत्र चिलीनेही तिला मान्यता दिली.

पुढे चिलीच्या गव्हाला परदेशी बाजारपेठ मिळाली आणि दक्षिणेकडील जमिनीवर सर्वांची दृष्टी गेली. १८६२ साली कोर्नेलिओ साव्हेद्रा याच्या सैन्याने आंगोल वसविले. त्यानंतर किल्ल्यांची रांग टप्प्याटप्प्याने दक्षिणेस सरकत गेली. १८८१ सालचा मापुच्यांचा मोठा उठाव मोडण्यात आला आणि १८८३ च्या जानेवारीत सैन्य व्हियारिका येथे पोहोचले.

सैन्याने प्रदेश जिंकला. परंतु जमीन हातची गेली ती मोजणीदार आणि सनदा यांच्या मार्गाने. १८६६ च्या कायद्याने, मापुच्यांचा प्रत्यक्ष ताबा सिद्ध होईल तेवढी जमीन वगळता, उरलेली सरकारजमा ठरली. १८८४ ते १९२९ या काळात सुमारे ३,००० सनदांद्वारे मापुच्यांना जेमतेम ५ लाख हेक्टर जमीन मिळाली. पूर्वीच्या प्रदेशाचा हा अगदी लहान हिस्सा होय. बाकीची लिलावात निघाली अथवा वसाहतवाल्यांना देण्यात आली. त्या जमिनींचे तंटे आजही मिटलेले नाहीत.

दिलेला शब्द मोडण्यास येथे कोणी नवा करार केला नाही. जुना करार केवळ विस्मृतीत टाकण्यात आला. वाल्दिव्हिया यांनी मापुच्यांची भाषा शिकून घेतली, आणि त्यांच्या भूमीची सीमाही राजापुढे मांडली. लोकांमध्ये सेवा करणाऱ्या आपणांस या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येतील काय, याचा विचार व्हावा.