निशिगंध: पाने भरपूर, पण फुलदांडे का येत नाहीत?

घरच्या बागेत निशिगंध (गुलछडी) लावला की पहिल्या हंगामात बहुधा चांगली फुले मिळतात. पुढे कुंडी हिरव्यागार पातीने भरून जाते, पण दांडे कमी होत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी एखाददुसराच दिसतो. मग खताचा मारा सुरू होतो. अशा वेळी दोष बहुतेक वेळा खताचा नसून कंदांच्या गर्दीचा असतो.

निशिगंधाचा कंद आयुष्यात एकदाच फुलतो. दांडा येऊन गेलेला कंद पुन्हा दांडा देत नाही. त्याच्या भोवती आलेली पिल्ले पोसून मोठी झाली, तरच पुढचा बहर त्यांच्यावर येतो. कुंडी तेवढीच आणि पिल्ले दरवर्षी वाढणारी, त्यामुळे एकही कंद फुलण्याइतका पोसत नाही. म्हणून कुंडीतील कंद दर दोन वर्षांनी आणि वाफ्यातील कंद तीन वर्षांनी काढून नव्याने लावावेत.

फुलांचा हंगाम संपल्यावर हिवाळ्यात पाणी हळूहळू कमी करावे. पाने पिवळी पडून सुकली की फेब्रुवारी-मार्चमध्ये गड्डा अलगद खणावा. माती झटकून कंद वेगळे करावेत आणि सावलीत, हवेशीर जागी तीन ते चार आठवडे पसरून ठेवावेत. ही विश्रांती बरेच जण टाळतात. ती टाळू नये. लागवडीसाठी 2 ते 3 सेंमी व्यासाचे, टणक, निरोगी कंद निवडावेत. मधोमध जुन्या दांड्याचा सुकलेला खुंट असलेला कंद टाकून द्यावा. बारीक पिल्ले फेकू नयेत. ती वेगळ्या कुंडीत वर्षभर वाढवावीत, मात्र त्यांच्याकडून त्या वर्षी फुलांची अपेक्षा ठेवू नये.

लागवड एप्रिल-मेमध्ये करावी. जागा दिवसातून किमान सहा तास उन्हाची हवी. झाडाखालच्या सावलीत पाने वाढतात, दांडे येत नाहीत. वाफ्यात 30 × 20 सेंमी अंतरावर, 5 ते 6 सेंमी खोल, टोक वर ठेवून कंद लावावेत. 12 इंची कुंडीत तीन-चार कंद पुरेत. पाण्याचा निचरा होणारी माती आवश्यक आहे. भारी काळ्या मातीत गादीवाफा करावा.

एक चौरस मीटर वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत चार-पाच किलो मिसळावे. लागवडीच्या वेळी सुमारे 95 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 33 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश द्यावे. 45 ग्रॅम युरिया तीन समान हप्त्यांत, लागवडीनंतर 30, 60 आणि 90 दिवसांनी द्यावा. यापेक्षा जास्त नत्र दिल्यास पात लुसलुशीत होते आणि फुले मागे पडतात. कोंब येईपर्यंत पाणी बेतानेच द्यावे, कारण न फुटलेला कंद ओल्या मातीत लवकर सडतो. साधारण तीन ते चार महिन्यांत पहिले दांडे दिसू लागतात.

सुवास आणि गजऱ्यासाठी एकेरी पाकळ्यांचे वाण घ्यावेत. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले रजनी’ किंवा बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘प्रज्वल’ चांगला. फुलदाणीसाठी दुहेरी ‘सुवासिनी’ शोभून दिसतो, पण वासाच्या बाबतीत आमची पसंती एकेरीलाच.

पावसाळ्यात जमिनीलगतची पाने सडून त्यावर पांढरी बुरशी व मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले, तर ती खोडकूज समजावी. असे झाड भोवतालच्या मातीसह काढून नष्ट करावे. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. लागवडीपूर्वी शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळल्यास धोका कमी होतो.

फुलदाणीसाठी तळाची एक-दोन जोड्या फुले उमलल्यावर दांडा सकाळी लवकर किंवा सायंकाळी कापावा. कापताना पाने तोडू नयेत. पुढच्या वर्षीचे कंद त्यांच्यावरच पोसले जातात.